कोल्हा मारून तित्तर वाढत नाहीत: एका फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

उन्हाळा लागला की काटोल-नरखेडपासून उमरेड-भिवापूरपर्यंतच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा मथितार्थ असा: पूर्वी प्रत्येक धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तित्तर आणि लावे असायचे, ते कोल्हा, मुंगूस, घोरपड, रानमांजर आणि कावळ्याने संपवले. इंग्लंडात हे प्राणी मारून पक्षी तिप्पट झाले. आपल्या वावरात आपणच मालक, तेव्हा फास लावा, आमिषात औषध घाला, चार कुत्री पाळा. तित्तर वाढले की अळी आपोआप आटोक्यात येईल. एका हंगामात फरक दिसेल.

तित्तर परत यावेत ही इच्छा चांगलीच आहे. उपाय मात्र जवळजवळ सगळे उलटे आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"शिकारी प्राण्यांनीच तित्तर संपवले"

हे प्राणी अंडी खातात, यात वाद नाही. घोरपड खाते, मुंगूस खातो, धामण खाते, भारद्वाजही खातो. पण तित्तर आणि कोल्हा या मातीत हजारो वर्षं एकत्र राहिले. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याची बरीच घरटी वाया जाणारच, हे त्याच्या जगण्यात धरलेलंच असतं. मादी साधारण सहा ते आठ अंडी घालते आणि पहिलं घरटं गेलं तर पुन्हा बसते. अट एकच, पुन्हा बसायला जागा हवी.

ती जागा कुठे गेली, हे मे महिन्यात कोणत्याही शिवारात फिरून बघा. विणीचा मुख्य काळ एप्रिल ते सप्टेंबर. नेमके त्याच्या तोंडावर आपण धुरे जाळतो. जे जळत नाही त्यावर पावसाळ्यात तणनाशक मारतो. पूर्वी आठ-दहा फुटांचा असलेला धुरा दोन्ही बाजूंनी नांगरून दीड फुटाचा झाला आहे. अशा बारीक पट्टीत घरटं म्हणजे रस्त्याच्या कडेला ठेवलेली टोपली. कुत्रा असो की मुंगूस, तो धुऱ्याच्या रेषेवरूनच चालतो, आणि त्या रेषेत शोधायला त्याला कष्ट पडत नाहीत.

दोषी कोण हेही मेसेज न पाहताच ठरवतो. घरट्यावरच्या खुणा थोडंफार सांगतात. अंडी सगळी गायब आणि घरटं जसंच्या तसं असेल तर साप किंवा घोरपड. जवळच चावून फोडलेली टरफलं पडली असतील तर मुंगूस. टरफलाला टोचलेलं भोक आणि ते घरट्यापासून दूर पडलेलं असेल तर कावळा. घरटं विस्कटलेलं, मादीची पिसं पसरलेली असतील तर बहुतेक वेळा कुत्रा. या खुणा एकमेकींत मिसळतात, कारण एकाने फोडलेलं दुसरा येऊन चाटतो, त्यामुळे एका घरट्यावरून निकाल देऊ नये. आणि टरफलाची रुंद बाजू झाकणासारखी गोल कापली गेलेली दिसली, तर अभिनंदन: पिल्लं सुखरूप निघून गेली. अनेक जण तीच टरफलं बघून "मुंगसाने खाल्ली" म्हणतात.

"इंग्लंडात सिद्ध झालं आहे"

झालं आहे, आणि ते प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. सॅलिस्बरीच्या मैदानावर 1980 च्या दशकात सुरू झालेल्या प्रयोगात दोन क्षेत्रं घेतली. तीन वर्षं एकावर विणीच्या काळात खोकडं आणि कावळ्याच्या जातीचे पक्षी कमी केले, दुसरं तसंच ठेवलं, मग अदलाबदल केली. तिकडच्या करड्या तित्तराची ऑगस्टमधली संख्या साडेतीन पट, तर विणीला बसणारी संख्या 2.6 पट झाली.

मेसेजवाला इथेच थांबतो. प्रत्येक क्षेत्र सुमारे 5 चौरस किलोमीटरचं होतं, म्हणजे बाराशे एकरांच्या वर, आणि त्यावर याच कामासाठी पगारी राखणदार. आपल्याकडे बाराशे एकरांत दोन-अडीचशे खातेदार असतात. एकाच कोल्ह्याचा फिरण्याचा टापू कित्येक चौरस किलोमीटरचा असतो. पाच एकरवाल्याने एक कोल्हा मारला तर त्या मोकळ्या जागेत शेजारचा तरुण कोल्हा येतो, बहुतेक वेळा त्याच हिवाळ्यात. तिकडचा राखणदारही हे काम दरवर्षी करतो, कारण थांबला की परिणाम विरतो. शिवाय तिकडचा पक्षी एका वेळी पंधराच्या आसपास अंडी घालतो, आपला त्याच्या निम्मी. त्याचा गुणाकार इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

त्याच देशातला दुसरा, जास्त जुना धडा मेसेजमध्ये मुळीच नाही. ससेक्समध्ये संशोधक डिक पॉट्स यांनी 1968 पासून चालवलेल्या अभ्यासात दिसलं की तित्तराची घट मोठ्या प्रमाणात पिल्लांच्या उपासमारीतून आली. तणनाशकाने तण गेलं, तणावरचे किडे गेले आणि पहिल्या दोन आठवड्यांत किड्यांवरच वाढणारं पिल्लू उपाशी राहिलं. तिकडचे जाणकार म्हणूनच तीन गोष्टी एकत्र सांगतात: घरट्यासाठी गवत, पिल्लांसाठी किडे, आणि मग शिकारी प्राण्यांवर नियंत्रण. पहिल्या दोन नसताना तिसरी करणं म्हणजे छप्पर नसलेल्या घराला कुलूप लावणं.

"आपल्या वावरात आपण मालक"

जमिनीचे मालक, त्यावरच्या वन्यप्राण्याचे नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणं, फास लावणं, विष घालणं, आणि पक्ष्यांची अंडी-घरटी नष्ट करणंही येतं. सातबारा कुणाचा, याने फरक पडत नाही. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तीन ते सात वर्षं कैद आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर किमान 25,000 रुपये दंड. कोल्हा, खोकड, मुंगूस आणि रानमांजरही संरक्षित आहेत. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ते तित्तर-लावेही संरक्षितच. त्यांना धरून बाजारात नेणं हा वेगळा गुन्हा.

"पण रानडुकराची परवानगी मिळते ना?" मिळते, उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी, ठरलेल्या पद्धतीने अर्ज करून. कोल्हा तित्तराची अंडी खातो हे पिकाचं नुकसान नाही, त्यामुळे या वाटेने परवानगी निघणार नाही.

"फास, औषध, कुत्री"

फास कोल्ह्याला ओळखत नाही. उमरेड-कऱ्हांडला, पेंच आणि बोरच्या जंगलांभोवतालच्या शिवारांतून वाघ-बिबटे ये-जा करतात आणि तारेचा फास त्यांच्याही गळ्यात अडकतो. आमिषातलं विष शेजाऱ्याच्या कुत्र्याला, गावच्या डुकराला आणि मेलेल्यावर बसणाऱ्या घारीला पोचतं. फासात अडकलेला जिवंत प्राणी दिसला तर तार ओढू नका, कुत्री आणि गर्दी दूर ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा. उपचारासाठी नागपुरात सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

कुत्र्यांचा सल्ला तर सर्वांत वाईट. गावठी मोकाट कुत्रा कोल्ह्याला पळवतो, हे खरं. पण तो स्वतः घरट्यावरची मादी पकडतो, दिवसाही हिंडतो आणि त्याच्या पोटाची सोय गावात असल्याने शिवारातलं भक्ष्य कमी झालं तरी त्याची संख्या घटत नाही. खोकडाला रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) तोच देतो. राखणीला कुत्रा हवाच असेल तर एकच पाळा, लस टोचा, नसबंदी करा आणि एप्रिल ते सप्टेंबर तो बांधून ठेवा.

खरं नियंत्रण इथे आहे आणि ते पूर्ण कायदेशीर आहे: फुकटचं अन्न बंद करणं. चिकनच्या दुकानांची घाण गावाबाहेर नाल्यात पडते, मेलेलं वासरू पडीकात टाकलं जातं. त्यावर कुत्रे आणि कावळे पोसले जातात आणि तेच विणीच्या काळात धुऱ्यावर येतात. मेलेलं जनावर किमान पाच-सहा फूट खोल पुरून वर चुना टाका. दुकानांच्या घाणीसाठी ग्रामपंचायतीकडून एक झाकणबंद खड्डा करून घ्या. कुत्र्यांची नसबंदी 2023 च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे, तसा अर्ज द्या.

कोल्हा गेला तर उंदीर

मेसेजमध्ये हा मुद्दा नाही, पण हिशेबात हवा. कान्हाच्या जंगलात प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शालेर यांनी 1960 च्या दशकात केलेल्या अभ्यासात कोल्ह्याच्या आहाराचा 80 टक्क्यांहून जास्त भाग उंदीर, सरपटणारे प्राणी आणि फळं यांचा होता. मुंगूस आणि रानमांजरही उंदीर खातात. हे काढून टाकलं की हरभऱ्याचे घाटे आणि गव्हाच्या लोंब्या कापणारा उंदीर वाढतो. मग शेतकरी झिंक फॉस्फाइडचं आमिष धुऱ्यावर उघडं टाकतो, आणि दाणे टिपणारा तित्तर तेच खाऊन मरतो. शिकारी प्राणी मारून पक्षी वाचवायला निघालेला माणूस असा पक्ष्यालाच मारतो.

उंदीर मारायचेच असतील तर रीत अशी. संध्याकाळी सगळी बिळं मातीने बंद करा. सकाळी जी उघडी दिसतील तीच चालू. दोन दिवस त्यांत साधी भरड आणि थोडं तेल द्या. मग 96 भाग भरड, 2 भाग तेल, 2 भाग झिंक फॉस्फाइड असं मिश्रण हातमोजे घालून काठीने कालवा, प्रत्येक चालू बिळात कागदाच्या पुडीतून 10 ग्रॅम आत खोल सारा आणि तोंड बुजवा. वर एकही दाणा सांडू देऊ नका. दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर गोळा करून पुरा.

"तित्तर वाढले की अळी संपेल"

तित्तर वाळवी, मुंग्या, भुंगेरे, नाकतोडे आणि तणाचं बी खातो. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, तिथे त्याची चोच पोचत नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, न ठेवणं हेच उपाय. तित्तर उगवते दाणेही थोडे उपटतो, हे लपवायचं कारण नाही. पेरणीत खरा धोका त्यालाच असतो. कीटकनाशक चोळलेलं सोयाबीन ओळींच्या टोकाला, ट्रॅक्टर वळतो तिथे, उघडं पडतं. मूठभर दाणेही त्याला पुरतात. पेरणी झाल्यावर त्या टोकांवर हाताने माती ओढा.

मग करायचं काय

पाच एकरांतलं सगळं सोडायला कोणी सांगत नाही. एक धुरा निवडा, शक्यतो नाल्याच्या किंवा पडीकाच्या बाजूचा, आणि तो किमान दहा फूट रुंद होऊ द्या. लांब एकसारख्या पट्टीपेक्षा मध्ये मध्ये फुगलेले गोळे बरे, म्हणजे शोधणाऱ्याला सरळ रेष मिळत नाही. मारवेल, पवना, कुसळी हे जुडग्याने वाढणारं गवत ठेवा. जुडग्याच्या बुडाशी घरटं लपतं आणि दोन जुडग्यांमधून पिल्लाला पळता येतं. गाजरगवत माजलं तर हे दोन्ही होत नाही, ते फुलण्याआधी उपटा. मध्ये बोरी आणि हिवराची काटेरी झुडपं हवीत, रात्री तित्तर त्यावर चढून झोपतो. उंच वाळलेलं झाड मात्र त्या पट्टीत नको. शिक्रा आणि कावळा तिथे बसून खाली नजर ठेवतात.

गवत जाळू नका, कापा. तेही डिसेंबर-जानेवारीत, दरवर्षी एक तृतीयांशच, आणि एक वीत बूड ठेवून. सगळं एकदम कापलं की एप्रिलमध्ये आडोसा शून्य होतो, आणि हीच चूक सर्वाधिक होते. त्या धुऱ्याला लागून पिकाच्या कडेची सहा-सात फूट पट्टी फवारणीतून वगळा. पंपाचा नोझल त्या ओळींवर बंद ठेवा आणि वारा त्या बाजूला वाहत असेल तर फवारणीच पुढे ढकला. पिल्लांचे किडे याच पट्टीत मिळतात. सोयाबीन हार्वेस्टरने काढताना बाहेरून आत जाऊ नका, मधून बाहेर या. नाहीतर पक्षी शेवटच्या चार ओळींत कोंडतात.

आणखी एक चूक उत्साहातून होते: फार्मवरचे जपानी लावे आणून सोडणं. ती परकी जात आहे, पिंजऱ्यातली सवय आहे, आठवडाभरात कुत्र्यांच्या तोंडी जाते आणि त्या शिवारात आयतं खायला मिळतं हे कुत्र्यांना शिकवून जाते.

"एका हंगामात फरक दिसेल"

मोजल्याशिवाय फरक दिसत नसतो. मार्च-एप्रिलमध्ये सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात, तीनशे मीटर अंतरावरच्या ठरलेल्या जागांवर प्रत्येकी दहा मिनिटं थांबा आणि वेगवेगळ्या दिशांनी आरवणारे तित्तर मोजा. वारा नसलेल्या तीन सकाळी हेच करा आणि सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवा. सप्टेंबरअखेर त्याच वाटेने फिरून मादीबरोबरची पिल्लं मोजा. आरवणारे तेवढेच पण पिल्लं नाहीत, तर घरटी किंवा किडे यांत गडबड आहे. पिल्लं भरपूर पण पुढच्या मार्चमध्ये आरवणारे वाढले नाहीत, तर हिवाळ्यातला आडोसा कमी पडतो आहे किंवा शिवारात कोणी जाळी लावतो आहे. घरटं शोधायला गवतात शिरू नका. तुमच्या पावलांची वाट धरून कुत्रा तिथे पोचतो.