साबणाला घाबरून मिरी पळत नाही

ताटलीतल्या पाण्यावर मिरपूड भुरभुरायची, मधोमध साबणाचे बोट टेकवायचे आणि मिरी झर्रकन काठाकडे सरते. या व्हिडिओसोबत फिरणारा मजकूर सांगतो की मिरी म्हणजे जंतू आणि ते साबणापासून पळतात; त्यामुळे साबणाचा थेंब लावून बोटे बुडवली की पुरे, चोळत बसून पाणी वाया घालवू नये; यामागचे कारण विज्ञानालाही ठाऊक नाही. लालबागला घरगुती डबे पुरवणाऱ्या माझ्या मावशीने हे खरे मानून मदतीच्या बायकांना तशी सूचनाही दिली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाला ताणलेल्या पडद्यासारखे आवळून धरणारे बल, मीटरमागे सुमारे 72 मिलिन्यूटन असतो. साबण तो निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आणतो. मध्ये ताण कमी आणि कडेला जास्त, त्यामुळे पृष्ठभागच बाहेर ओढला जातो व त्यावरची मिरी आयती वाहून जाते. त्याच ताटलीत पुन्हा साबणाचे बोट टेकवावे. मिरी जवळजवळ हलत नाही, कारण साबण सगळीकडे पसरल्यावर ताणात फरकच उरत नाही. जंतूंची भीती काय पहिल्याच थेंबात संपली?

विज्ञानाला कारण ठाऊक नाही, हे तर धादांत खोटे. इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ कार्लो मारांगोनी यांनी 1865 मध्येच याचा अभ्यास केला होता. जेन्सन आणि ग्रोटबर्ग या संशोधकांनी 1992 मध्ये, फुप्फुसांतील द्रवाचा थर डोळ्यांपुढे ठेवून, पातळ थराची जाडी आणि त्याच्या पृष्ठभागावरील, साबणासारख्या ताण कमी करणाऱ्या द्रव्याचे प्रमाण यांची समीकरणे एकत्र सोडवली. पसरणाऱ्या कडेशी थर मूळच्या दुप्पट फुगतो, मध्याशी पातळ होत जातो, आणि अशा द्रव्याच्या ठरावीक मात्रेच्या गोल डागाची त्रिज्या दुप्पट व्हायला सोळापट वेळ लागतो, असे त्यांतून निघते. ताटलीतले पाणी या गणिताच्या मानाने खोल असल्याने हे आकडे तिथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण ओढणारे बल तेच. त्या समीकरणांत जंतूंसाठी एकही पद नाही.

खरा धोका आहे तो ‘चोळू नये’ या सल्ल्यात. हातावरचे जंतू पाण्यावर तरंगत नसतात. ते त्वचेच्या तेलकटपणात, नखांखाली, बोटांच्या बेचक्यांत चिकटलेले असतात. कणीक मळलेल्या हाताच्या नखांत अडकलेले पीठदेखील बोट बुडवून निघत नाही. साबण तिथवर पोचवून मळ सुटा करायला चोळावेच लागते, आणि सुटलेला मळ वाहत्या पाण्याने धुऊन टाकावा लागतो. व्हिडिओतली मिरी तरी कुठे जाते? त्याच ताटलीच्या काठाला बसते. जागतिक आरोग्य संघटना हात धुण्याच्या संपूर्ण क्रियेला 40 ते 60 सेकंद देते.

साबण करोनासारख्या विषाणूंचे स्निग्ध आवरण फोडतो, एवढे मान्य करावे लागेल. पाण्याची चिंताही, नळाला ठरावीक वेळच पाणी येणाऱ्या चाळीत, खोटी नाही. पण चोळताना नळ बंद ठेवता येतो.