पहिलं मॉड्यूल मुद्दाम चुकवा म्हणे! सॅटच्या त्या फॉरवर्डला उत्तर

भाचीचा दादरहून फोन, "मावशी, सॅटला पहिल्या मॉड्यूलमध्ये आठ-दहा प्रश्न मुद्दाम चुकवायचे असतात का गं?" सॅट म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या प्रवेशासाठीची परीक्षा, आता ती कॉम्प्युटरवर होते, आणि मॉड्यूल म्हणजे तिचा ठराविक वेळेचा एक भाग. मला वाटलं मस्करी करतेय. नव्हती करत. सोसायटीच्या ग्रुपवरून ताईकडे आणि ताईकडून तिच्याकडे एक फॉरवर्ड आलाय, "सॅट रीडिंग-रायटिंगमध्ये ७५० प्लसची गुपितं, जी क्लासवाले सांगणार नाहीत". आता तोच आमच्या स्टाफच्या ग्रुपवरही फिरतोय, खाली दहा जणांचे हात जोडलेले, म्हणून एकदाच इथे लिहून टाकते आणि यापुढे कोणी विचारलं की हेच पाठवेन.

ज्यांच्याकडे अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पहिलं मॉड्यूल मुद्दाम बिघडवा म्हणजे दुसरं सोपं येतं. पॅसेज वाचू नका, पहिली आणि शेवटची ओळ पुरते. निगेटिव्ह मार्किंग आहे, खात्री नसेल तर सोडून द्या. तरी मारायचंच असेल तर 'सी' किंवा 'ई' मारा. ५००० शब्द पाठ करा. श्वास घ्याल तिथे कॉमा द्या. पेपर शेवटच्या प्रश्नापासून उलटा सोडवा. आणि सगळ्यात खाली शब्दांची पीडीएफ ४९९ रुपयांत, सोबत जीपेचा नंबर. बरं.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते, सॅटचा क्लास वगैरे घेत नाही, पण ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने डिजिटल सॅटचं असेसमेंट फ्रेमवर्क नावाचं जाडजूड डॉक्युमेंट फुकट ठेवलंय, ते उघडून बघायला क्लास लागत नाही. त्यात सगळं आहे. रीडिंग अँड रायटिंगचे दोन मॉड्यूल, प्रत्येकात २७ प्रश्न आणि ३२ मिनिटं, म्हणजे एकूण ५४ प्रश्न, ६४ मिनिटं. एका प्रश्नाला साधारण ७१ सेकंद.

आता तो मुद्दाम चुकवायचा प्रकार, कारण बाकी सगळं मूर्खपणा म्हणून सोडून देता येईल पण याने खरंच कोणाचं तरी नुकसान होणारे. पहिल्या मॉड्यूलमध्ये सोपे, मध्यम, कठीण असे मिसळून प्रश्न असतात. तुम्ही ते कसे सोडवले ते बघून सॉफ्टवेअर तुम्हाला दुसरं मॉड्यूल देतं, एक सरासरीने कठीण किंवा एक सरासरीने सोपं. इथपर्यंत फॉरवर्डवाल्याचं बरोबर आहे. पुढे त्याने जी उडी मारलीये ती अशी की सोपं मॉड्यूल आलं, सगळं बरोबर आलं, झाले पैकीच्या पैकी ८००. अरे, पण स्कोर दोन्ही मॉड्यूल मिळून लागतो ना! पहिल्यातले जे आठ-दहा तू स्वतःच्या हाताने चुकवलेस ते कुठे गेले? ते चूक म्हणूनच मोजले जाणार. आणि स्कोर काढताना प्रश्न किती कठीण होता हेही धरतात, त्यामुळे सोप्या मॉड्यूलमधून गेलं की वरच्या टोकाचे मार्क मुळात आवाक्यातच राहत नाहीत, दुसरं मॉड्यूल कितीही चकाचक सोडवलं तरी. विरार फास्ट समोर उभी असताना मुद्दाम बोरिवली स्लोमध्ये बसायचं कारण तिच्यात गर्दी कमी, आणि मग विरार का नाही आलं म्हणून बोंबलायचं, असला हा सल्ला.

यात अजून एक पुडी सोडलीये की "पहिल्यातले काही प्रश्न तसेही मोजत नाहीत". हे, नाइलाजाने सांगते, अर्धं खरं आहे. प्रत्येक मॉड्यूलमध्ये २ प्रश्न पुढच्या परीक्षांसाठी ट्रायल म्हणून घातलेले असतात आणि त्यांचे मार्क धरत नाहीत. पण ते कुठले हे कोणालाच सांगत नाहीत आणि दिसायला ते बाकीच्यांसारखेच असतात, मग चुकवणार कुठले? शिवाय याचा उलटा त्रास वेगळाच. ज्या पोरांनी हे वाचलंय त्यांना दुसरं मॉड्यूल कठीण लागलं की वाटतं आपली वाट लागली. कठीण आलं म्हणजे पहिलं चांगलं गेलंय, एवढं साधं आहे ते, घाबरायचं काय त्यात.

पॅसेज वाचू नका. हे वाचून मला खरंच हसू आलं. जुन्या सॅटमध्ये लांबलचक उतारे असायचे आणि एकेका उताऱ्यावर ढीगभर प्रश्न, तेव्हा असल्या युक्त्या चालायच्या असतील. आता एक छोटा उतारा, २५ ते १५० शब्दांचा, त्याच्यावर एकच प्रश्न. १५० शब्द! यातली पहिली आणि शेवटची ओळ वाचली तर मधे राहतात दोन-चार ओळी, त्या गाळून वाचवणार किती सेकंद? आणि "पण", "तरीही" अशा शब्दावर लेखक नेमका वळतो तो त्या मधल्या ओळींतच. त्यातही कहर म्हणजे अनुमानाचे जे प्रश्न असतात त्यात शेवटच्या ओळीतच रिकामी जागा असते, तीच तर भरायची असते. म्हणजे वाचायला सांगितलेल्या दोन ओळींपैकी एक अर्धी कोरी. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एक तरी सॅम्पल प्रश्न बघितला होता का? एकाच प्रकारात हे थोडं चालतं, मॉड्यूलच्या शेवटी ते विद्यार्थ्याच्या नोट्सचे प्रश्न येतात ना, चार-पाच मुद्दे दिलेले असतात आणि विचारतात की अमुक हेतूसाठी कुठलं वाक्य योग्य. तिथे आधी हेतू वाचा, मग पर्याय, कारण बहुतेक वेळा माहिती म्हणून चारही पर्याय खरे असतात आणि हेतू पुरा करणारा एकच असतो. नोट्सवर नजर टाकली तरी पुरते. पण भाचीला मी हे सगळ्यात शेवटी सांगितलं, नाहीतर तिने तेवढंच ऐकलं असतं.

निगेटिव्ह मार्किंग नाहीये. २०१६ च्या मार्चमध्ये नवीन सॅट आली तेव्हापासून नाहीये. त्याआधी चुकीला पाव मार्क कापायचे. आपल्याकडे जेईई मेनला चुकीचा एक मार्क जातो म्हणून आईबापांच्या डोक्यात ते घट्ट बसलंय, पण सीईटीला कुठे कापतात? तसंच हे. ३२ मिनिटं संपायच्या आत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही, काहीच कळलं नाही तर कुठलाही एक पर्याय दाबा, 'सी'च पाहिजे असं काही नाही. आणि 'ई'? पर्याय चारच असतात हो! पाच पर्याय त्या २०१६ आधीच्या पेपरात असायचे. यावरूनच कळतं की हा मजकूर कुठून उचललाय आणि किती शिळा आहे.

५००० शब्दांचं पण तेच. अवघड शब्द रिकाम्या जागेत भरायचे जुने प्रश्न तेव्हाच गेले. आता शब्द विचारतात तो त्या वाक्यात काय बसतो ते बघायला. शब्दसंग्रह लागतो, लागत नाही असं मी म्हणत नाही, पण पर्याय झाकून आधी स्वतःचा एक साधा शब्द त्या जागी बसवून बघणं हे पाठांतरापेक्षा जास्त कामाला येतं.

श्वास घ्याल तिथे कॉमा, यावर खरं तर आख्खा तास घेता येईल. कर्ता लांबलचक असला की पोरं दमतात आणि क्रियापदाच्या आधी एकटा कॉमा टाकून मोकळी होतात, नेमकी तीच चूक हे पेपर काढणारे पकडतात. श्वास नाही, वाक्य कुठे पुरं होतं ते बघायचं. दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्यं असतील तर नुसता कॉमा चालत नाही, तिथे फुलस्टॉप किंवा सेमीकोलन लागतो. आणि जर दोन पर्यायांत फरक फक्त फुलस्टॉप की सेमीकोलन एवढाच असेल तर दोन्ही खोडा, कारण दोन्ही एकच काम करतात आणि बरोबर उत्तर एकच असतं. बघा, अशी युक्ती असते, पण ती व्याकरण कळल्यावर सुचते.

राहिलं उलटं सोडवणं. यात थोडं तथ्य आहे, मान्य. प्रश्नांचा क्रम ठरलेला असतो: आधी शब्द आणि उताऱ्याची रचना, मग आशय आणि पुरावे, मग व्याकरण, शेवटी जोडशब्द आणि त्या नोट्स. व्याकरण पक्कं असेल तर थेट तिथे उडी मारून पटापट मार्क घ्या आणि मग पहिल्याकडे या, मॉड्यूलच्या आत पुढे-मागे जाता येतं, खूण करून ठेवायची सोयही आहे. पण २७ वरून एकेक करत मागे येण्यात काय फायदा? व्याकरणाचे प्रश्न सोप्याकडून कठीणाकडे लावलेले असतात, उलटं आलात की तिथला सगळ्यात कठीण आधी. आणि मॉड्यूल बंद झालं की परत येता येत नाही, हे फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

ताईला मी ते ४९९ पाठवू दिले नाहीत. परीक्षा ज्या ब्लूबुक ॲपवर होते त्यावरच पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा फुकट आहेत, त्यात दुसरं मॉड्यूल खऱ्यासारखंच बदलतं, आणि झाल्यावर कुठला प्रश्न का चुकला तेही वाचता येतं. खान अकॅडमीवरचा सरावही फुकट. भाचीला पहिली परीक्षा रविवारी सकाळी द्यायला सांगितलीये, एकही प्रश्न मुद्दाम न चुकवता.