खुलासा: मोठं इंजिन म्हणजे रेसची क्वाड (चार चाकांची मोटरबाइक) नव्हे
जळगाव-धुळ्याच्या रायडिंग ग्रुपांवर मेसेज फिरतोय: "यामाहा रॅप्टर ७००आरचं इंजिन मोठं, म्हणून रेसलाही तीच भारी, वायएफझेड ४५०आर ही तिचीच छोटी आवृत्ती." हे खरं नाही. कंपनीची माहितीपत्रकं शेजारी ठेवून पाहा. रॅप्टर ६८६ सीसीची, कमी आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) जोर देणारी, रिव्हर्स गिअरवाली. तोरणमाळकडच्या एखाद्या अरुंद नाल्यात अडकलात तर तो रिव्हर्सच सोडवतो. वायएफझेड ४४९ सीसीची, जास्त रुंद, रिव्हर्स नाही. ती मोटोक्रॉससाठीच, म्हणजे उंचसखल कच्च्या ट्रॅकवरच्या शर्यतीसाठीच घडवलेली. अमेरिकेतल्या एटीव्ही (म्हणजे क्वाडच) मोटोक्रॉसच्या प्रो वर्गात मर्यादाच ४५० सीसीची, तिथे रॅप्टर उतरूच शकत नाही. भाऊहो, यात लाखांत पैसे जातात. तो मेसेज पुढे पाठवू नका; पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.