एसएसडी संथ ठेवण्याची कला

नवी पोर्टेबल एसएसडी (फाइली साठवायची खिशात मावणारी वेगवान डिस्क) घेतलीत, अभिनंदन! खोक्यावर ‘सेकंदाला १०५० एमबी’ छापलंय आणि कॉपी करताना स्क्रीनवर ३८ दिसतंय? उत्तम. हा आकडा टिकवायला फारसे कष्ट लागत नाहीत, फक्त थोडी निष्ठा लागते.

पहिली गोष्ट, सोबत आलेली आखूड केबल खोक्यातच राहू द्या. मोबाइलच्या चार्जरची लांबलचक टाइप-सी केबल असताना वीतभर वायरशी कोण झटापट करणार? दोन्ही टोकं फिट बसतात ना, मग झालं. चार्जिंगच्या बऱ्याच केबलींत फक्त यूएसबी २.० च्याच, म्हणजे जुन्या, संथ पिढीच्या तारा असतात, त्यांचा वेग कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) आणि प्रत्यक्षात सेकंदाला चाळीसेक एमबी, असं कुणी ऐकवू लागलं तर विषय पावसावर न्या. लग्नाचं १०० जीबी शूटिंग उतरायला पाऊण तास लागेल. लागू दे, लग्न कुठे मिनिटात लागलं होतं?

जुन्या चौकोनी पोर्टात खोचायची असेल तर अलगद, हळूहळू खोचा. यूएसबी ३ चे जास्तीचे पाच संपर्क केबलीच्या प्लगमध्ये आत, मागच्या बाजूला असतात. तुम्ही रेंगाळलात की कॉम्प्युटरची पुढच्या चार जुन्या संपर्कांशीच ओळख होते आणि तो २.० वरच समाधान मानतो. झटकन पूर्ण आत ढकलण्याचा उतावळेपणा नको.

पोर्टाचं नाव वाचायच्या फंदात तर पडूच नका. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० चं पुढे ‘३.१ जेन १’ झालं, मग ‘३.२ जेन १’. एकाच बाळाची तीन बारशी, वजन मात्र तेच, ५ गिगाबिट. (नावं ठेवणाऱ्या समितीला साष्टांग नमस्कार.) २० गिगाबिटची ‘जेन २ बाय २’ एसएसडी घेऊन मॅकला जोडलीत तर ती बहुधा १० वरच चालेल. पैसे मात्र २० चे मोजलेले असतात, त्याचं समाधान वेगळंच.

एवढं सांभाळूनही वेग वाढलाच, तर एसएसडी गळ्यापर्यंत भरा. लिहिताना ती आधी एका वेगवान कप्प्यात माल उतरवून घेते. स्वस्त मॉडेलांत हा कप्पा मोकळ्या जागेतूनच काढलेला असतो. जागा संपली की कप्पा आकसतो आणि मोठी फाइल मध्येच रांगू लागते. त्यात हजारो बारक्या फाइली झिप न करता सुट्ट्या पाठवा, अँटिव्हायरसला प्रत्येकीची झडती घेऊ द्या.

मॅकच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये जोडणीचा खरा वेग दिसतो. तिकडे फिरकू नका.

तक्रार करायला दुकानात जाल तेव्हा एसएसडी एकटीच न्या. काउंटरवरचा मुलगा स्वतःची केबल लावेल, हजाराचा आकडा दाखवेल. घरी आलात की पुन्हा ३८. दुकानदारच चोर आहे, हे आता चारचौघांत छातीठोक सांगा.