सांगावा

आमच्या सांगलीत जुन्या पिकअपचं स्टिअरिंग फिरवायचं म्हणजे चाकांकडे सांगावा धाडायचा. मार्केट यार्डात धाडलेला माधवनगरला पोचतो. स्टिअरिंगच्या चक्राच्या कडेवर मोजून दोन-तीन सेंटीमीटर ढील, म्हणजे चाकं न हलता स्टिअरिंगच नुसतं फिरतं ते, असली तर मी तोंड उघडत नाही. पण वीतभर झाली की हळदीच्या पोत्यांसकट गाडी स्वतःच्या मताने चालते.

त्यावर सल्ला फुकट मिळतो आणि तो एकच असतो: "बॉक्सचा स्क्रू आवळ की!" बॉक्स म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांच्या दांड्यांकडे पोचवणारी दात्यांची पेटी. हा स्क्रू हाताशी आहे, हाच त्याचा गुण. गाडी बहुतेक वेळ सरळ जाते, म्हणून बॉक्सचे दाते मधोमध जास्त झिजतात. मधली ढील काढायला आवळलं की वळणात बॉक्स जखडतो, आणि वळण संपलं तरी स्टिअरिंग परत येत नाही. सासरी गेलेल्या जावयासारखं तिथंच बसतं.

खरा चोर खाली असतो. त्याला धरायला दोघं लागतात: एक केबिनमध्ये, एक मातीत. केबिनमध्ये नेहमी मेव्हणा असतो.

"हलवू का दाजी?"

"हलव, पण हळू!"

इंजिन बंद, चाकं जमिनीवर सरळ. मेव्हण्याने स्टिअरिंग थोडं डावं-उजवं करायचं. दाजींनी कॉलमच्या क्रॉसपासून (स्टिअरिंगच्या दांड्यातला सांधा) टायरॉड एंडपर्यंत (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) एकेक सांधा मुठीत धरायचा. डोळ्याला न दिसणारी टकटक तळहाताला लागते. बॉक्सचे चेसिसवरचे बोल्टही बघा. ते ढिले असतील तर अख्खा बॉक्सच डुलतो.

मग मागच्या चाकांना दगडाची ओट लावून पुढचं चाक उचला, ॲक्सलखाली स्टँड द्या. वर-खाली धरून हलवताना खडखडलं तर मेव्हण्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. आवाज थांबला तर बेअरिंग, नाही थांबला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्याच्यावर वळतं तो खिळा. किंगपिनचं बुश रीमरने भोक मापात आणून बसवावं लागतं, ते लेथवाल्याकडेच न्या.

टायरॉड एंड काढताना आट्यांवर हातोडा मारू नका. नट सैल करून आर्मच्या डोळ्यावर, म्हणजे एंड ज्या भोकात बसतो त्याच्या कडेवर, बाजूने ठोका, पलीकडे दुसरा हातोडा टेकवून, एंडचा निमुळता भाग (टेपर) सुटतो. एंड किती फेऱ्यांत निघाला ते मोजा, तेवढ्याच फेऱ्या नवा बसवा. एका बाजूला उलटे आटे असतात, हे बहुतेकांना पाना वाकल्यावर आठवतं. नट सुटू नये म्हणून घालतात त्या स्प्लिट पिनचं भोक जुळेना तर नट पुढे आवळा, मागे कधीच नाही. पिन नवी घाला, अलाइनमेंट करून घ्या.

एवढ्यावरही ढील उरली तर तो लाडका स्क्रू. पुढची चाकं अधांतरी, स्टिअरिंग मधोमध. लॉकनट सोडून एका वेळी अष्टमांश फेरी, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचं. कुठं जड लागलं की तेवढं मागे. लॉकनट आवळताना स्क्रू पेचकसाने धरून ठेवा, नाहीतर तोही सोबत फिरतो.

मग तासगाव रस्त्याला काढा. गाडी आता सरळ जाते, पण हाताची सवय जात नाही. हात आपले डावं-उजवं करत राहतात, आणि आता प्रत्येक सांगावा लगेच पोचतो.