समुद्राला जायचं तर तिथी बघून, आणि जव्हारवरूनच

नाशिकच्या बाईकवाल्यांना समुद्र म्हटलं की दोनच गावं आठवतात. घरचे सोबत असले तर अलिबाग, मित्र असले तर दमण. दमणला कशासाठी जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि येताना गाडी कोण कशी चालवतो तेही. माझं स्पष्ट मत आहे की एका दिवसात जाऊन यायचं असेल तर आपला समुद्र बोर्डीचा. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, मग खाली उतरून चारोटी, डहाणू आणि तिथून किनाऱ्याने बोर्डी. एका बाजूने दीडशे किलोमीटरच्या थोडं पुढे.

मागच्या रविवारी मी आणि मन्या गेलो. त्याची हिमालयन, ४११ सीसी, वजन दोनशे किलोच्या घरात. माझी स्प्लेंडर, ९७.२ सीसी. घरात मोठी गाडी उभी आहे, तरी या रस्त्याला मी मुद्दाम स्प्लेंडर काढतो. सातपूर सुटेपर्यंत मन्याने यथेच्छ टिंगल केली आणि महिरावणीच्या सरळ रस्त्यावर तो दिसेनासा झाला. पण तोरंगण घाट लागला की सीसी कुठे विचारतोय? वळणं, मध्येच उखडलेलं डांबर, रस्त्यात ठाण मांडून बसलेली गुरं. तिथे चाळीस-पन्नासच्या वर कुणाचंच काही चालत नाही. मोखाड्याला मी टपरीवर पोचलो तेव्हा त्याचा चहा अजून उकळतच होता. "आलास पण?" एवढंच म्हणाला.

खरी गंमत जव्हारनंतर. गाव साडेचारशे मीटरवर आहे आणि तिथून समुद्रसपाटीपर्यंत उतारच उतार. स्प्लेंडरला दोन्हीकडे ड्रम ब्रेक. सतत दाबून ठेवले तर तापतात आणि मग पकड सोडतात. म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये गाडी धरायची, इंजिनलाच रोखू द्यायचं, ब्रेक फक्त वळणाआधी. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. पण त्यांनी माझ्या पुढे-मागे राहू नये.

आणि ते दहा-वीस जणांचे ग्रुप! फाटके सायलेन्सर, वारली पाड्यांतून सकाळी सातला धाड घातल्यासारखे जातात. पोरं रस्त्याच्या कडेने शाळेला चाललेली असतात, कोंबड्या उधळतात. वर कॅमेऱ्यात बोलायचं, 'निसर्गाच्या सान्निध्यात'. दोन गाड्या, दोन माणसं पुरे. थांबायचं तर हात केला की झालं, व्हॉट्सअ‍ॅपवर मतदान घ्यावं लागत नाही.

आता तिथी. बोर्डीचा किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी दूरवर जातं आणि समोर उरतो नुसता ओला चिखलवट पट्टा. लोक हवामान बघतात, हॉटेलचे रिव्ह्यू बघतात, कालनिर्णय बघत नाहीत. कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे: पक्षातली तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, साधारण त्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि ऐन दुपारी समुद्र गायब. आम्ही गेलो ती त्रयोदशी, पावणेदहाची भरती. सव्वादहाला पोचलो तर पाणी सुरूच्या झाडांजवळच होतं.

गाडी वाळूत घालायची नाही, हे मन्याला तीनदा सांगावं लागलं. खारं पाणी साखळीत गेलं की गंज धरतो, आणि वाळूत साइड स्टँड रुतला की दोनशे किलो उचलायला मी येणार नाही. बोंबील खाल्ले, तांदळाची भाकरी खाल्ली, घोलवडचे चिकू घेतले. या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. वाडीवाल्या बाईंनी एक कापून दिला आणि आम्ही भाव न करता घेतला. याच पट्ट्यात वाढवणच्या बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं. मच्छीमारांचा विरोध जुना आहे. विकासाबद्दल मोठमोठं बोलणाऱ्यांनी एकदा ओहोटीला किनाऱ्यावर उभं राहून पाहावं की कोण किती लांब चालत जाऊन पोट भरतं.

दोनला निघालो, कारण त्र्यंबक उजेडात गाठायचं. घाटात दिवे नाहीत आणि काळी म्हैस हेडलाइटमध्ये अगदी शेवटी दिसते. या रस्त्याचं अजून एक सुख कुणी सांगत नाही: सकाळी पश्चिमेला जाता, संध्याकाळी पूर्वेला येता, ऊन दोन्ही वेळेला पाठीवर. डोळ्यांवर एकदाही येत नाही.

रात्रीच साध्या पाण्याने गाडी धुतली, साखळीला तेल दिलं. मन्याची अजून तशीच उभी आहे, 'रविवारी बघू' म्हणतोय.