अजून काही धातू?

दाढेत कीड आहे की नाही, एवढंच कळायला हवं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, छोटा एक्स-रे काढू. पण मी रात्रभर गालावर हात ठेवून मोबाईलवर वाचून गेलो होतो.

“थ्रीडीच काढूया ना.” जणू सिनेमाचं तिकीट मागत होतो.

“किडीसाठी त्याची गरज नसते. पण तुमची अक्कलदाढ आडवी आहे. ती खालच्या नसेला किती चिकटलीय, ते दाढ काढण्याआधी बघावंच लागेल.”

अक्कल आडवी. घरचे हे गेली २५ वर्षं एक्स-रेशिवाय सांगताहेत.

स्कॅन सेंटरमधल्या मुलीने चष्मा, साखळी, सगळं उतरवायला लावलं. “अजून काही धातू?”

“दोन कॅप आहेत. तोंडात.”

“त्या राहू द्या,” ती उदारपणे म्हणाली.

मग हनुवटी खोबणीत, पुढच्या दातांत प्लॅस्टिकची कांडी, कपाळाला पट्टा. “हलू नका, गिळू नका. २० सेकंद.” पुरणपोळी बघून सुटली नसेल इतकी लाळ त्या २० सेकंदांत सुटली. यंत्राचा हात गुणगुणत माझ्या डोक्याभोवती प्रदक्षिणा घालत होता. देवाला रोज काय वाटत असेल ते कळलं. १८९६ साली, रोंटगेनने क्ष-किरण शोधून तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, ओटो वाल्कहॉफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा फोटो काढला. त्याला २५ मिनिटं तसंच बसावं लागलं होतं. बिचाऱ्याला निदान गिळायची मुभा असावी.

संध्याकाळी बाईंच्या स्क्रीनवर माझी कवटी गरगर फिरत होती. चेहऱ्यावर हसू. गेले तीन दिवस मी हसलो नव्हतो, ती मात्र खूश. बाईंनी तिचे पापडासारखे पातळ काप करून दाखवले. अक्कलदाढ, तिच्याखालची नस, सगळं लख्ख. फक्त दुखऱ्या दाढेपाशी पांढऱ्याकाळ्या रेघांची आतषबाजी.

“हे काय?”

“तुमच्या कॅप. धातूमुळे असं होतं. नेमकं शेजारचंच दिसत नाही.”

मग त्यांनी तोच तो छोटा एक्स-रे काढला. चावून धरा, झालं. कॅपला खेटून असलेल्या दाढेच्या फटीत काळा डाग. कीड.

थ्रीडीचे साडेतीन हजार, छोट्याचे दोनशे. घरी सीडी लावली. बायकोने दातांकडे पाहिलंसुद्धा नाही.

“नाकाचं हाड बघा केवढं वाकडं आहे! तरी म्हणत होते, घोरता ते उगाच नाही. आता हे दाखवायला कुठे जायचं?”